मंदिर गेलें, मंडळी राहिली

कोणत्याहि धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे प्रथम मंदिराचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. पाया कधीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, कोणत्या पावसाळ्यांत भिंत खचली व ती पुन्हां कोणीं बांधली, या गोष्टी मोठ्या आवडीनें लिहिल्या व वाचल्या जातात. आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. ज्या वास्तूंत आपल्या वाडवडिलांचे बाप्तिस्मे झाले, विवाह झाले, व जिच्या अंगणांतून त्यांची अखेरची यात्रा निघाली, तिच्याविषयीं ममत्व वाटणें हा मनुष्यधर्म आहे. तथापि इतिहास वाचणाऱ्यास एक प्रश्न टाळतां येत नाहीं. ही वास्तु आपल्या हातून गेली, वेदीपुढें उभा राहणारा गुरु नाहींसा झाला, घंटेचा नाद बंद पडला, तर या गांवांत ख्रिस्तमंडळी म्हणून कांहीं शिल्लक राहील काय? आणि राहिलीच तर ती कशाच्या बळावर राहील?

हा प्रश्न केवळ कल्पनेचा नव्हे. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं सिंहलद्वीपांत, म्हणजे हल्लींच्या श्रीलंकेंत, तो प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्याचें उत्तर ज्या पुरुषानें आपल्या चालत्या पायांनीं दिलें, तो परदेशचा नव्हता. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील गोमंतकाचा होता. संत जोसेफ वाझ यांचें नांव आपणां सर्वांच्या कानीं आहे. त्यांच्या चमत्कारांच्या कथाहि पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु खेडोपाडीं विखुरलेल्या, गुरूवांचून सुकत चाललेल्या लहान लहान मंडळ्या त्यांनीं कोणत्या रीतीनें पुन्हां जिवंत केल्या, याचा विचार आपण क्वचितच करतों. महोत्सवाच्या निमित्तानें तोच विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उजाड झालेला मळा

पोर्तुगीज लोक इ. स. १५०५ मध्यें प्रथम लंकेच्या किनाऱ्यास लागले. पुढील दीडशें वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांच्या धर्मगुरूंनीं पश्चिम किनाऱ्यावर व उत्तरेकडील जाफ्ना प्रांतांत गांवोगांव मंडळ्या स्थापिल्या. त्यांत मनापासून आलेले होते, तसेच राजाश्रयाच्या लोभानें आलेलेहि होते. हें इतिहासकारानें लपवून उपयोग नाहीं. मंदिरें मोठीं होतीं, सण थाटानें होत, आणि सर्व कारभार परदेशी गुरूच्या शब्दावर चाले. गुरु आहे तोंवर सर्व कांहीं आहे, अशीच एकंदर रचना होती.

मग डच आले. कँडीच्या राजाशीं संधान बांधून त्यांनीं पोर्तुगीजांचीं ठाणीं एकामागून एक घेतलीं. १६५६ सालीं कोलंबो पडलें; १६५८ सालीं मान्नार व जाफ्ना हीं ठिकाणें गेलीं. डच हे प्रॉटेस्टंट पंथाचे. आणि कॅथोलिक मनुष्य म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक, असा त्यांचा ठाम ग्रह होता. त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालविलें, मंदिरें आपल्या उपासनेकडे व शाळांकडे लावलीं, आणि गुरूस आश्रय देणाऱ्याला कठोर शासन ठरविलें. मुलाचा बाप्तिस्मा व वधूवरांचा विवाह डचांच्या दप्तरीं नोंदविल्यावांचून कायद्यांत ग्राह्य होईना. आणि नोंद नाहीं तर वारसाहक्काचीहि पंचाईत. धर्मासाठीं तुरुंगांत जाण्याचा प्रसंग एखाद्यावरच येतो. पण शेताच्या सात-बाराऱ्यावर मुलाचें नांव लागेल कीं नाहीं, ही चिंता प्रत्येक घराच्या उंबऱ्याशीं येते. या दुसऱ्या मार्गानेंच श्रद्धा अधिक झिजते.

अशा स्थितींत सुमारें तीस वर्षें गेलीं. कोलंबो पडलें त्या वर्षीं जन्मलेलें मूल मोठें झालें, संसारास लागलें, त्याला मुलेंबाळें झालीं; परंतु कॅथोलिक गुरूच्या हातची पवित्र मिस्सा त्यानें बहुधा पाहिलीच नव्हती. दिवसा डचांच्या मंदिरांत हजेरी द्यावी आणि रात्रीं दार लावून जपमाळ म्हणावी, असा कित्येक घरांचा क्रम झाला होता. आजीला पाठ होत्या तेवढ्याच प्रार्थना उरल्या. आजी गेली कीं त्यांतल्याहि कांहीं गेल्या. मंडळी मेली नव्हती, पण तिचा श्वास मंद झाला होता.

बाणावलीचा पुत्र

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्याच्या सासष्टींतील बाणावली येथें आजोळीं झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. गोवा शहरांत शिक्षण पुरें करून १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षीं, ५ ऑगस्ट १६७७ रोजीं, त्यांनीं सांकवाळ येथें पवित्र मरियेच्या दास्यत्वाचें एक पत्र लिहून तिच्या चरणीं स्वतःस वाहून घेतलें.

त्या काळीं एतद्देशीय गुरूची स्थिति कशी होती, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील कथेचें मर्म कळणार नाहीं. युरोपीय संन्यासी-संघांचीं द्वारें येथील लोकांना बहुधा बंद असत. मोठीं धर्मग्रामें परक्यांच्या हातीं, आणि येथील गुरूंनीं त्यांचे मदतनीस म्हणून राहावें, अशी वहिवाट होती. विद्या होती, भक्ति होती. अधिकार मात्र नव्हता.

१६८१ सालीं वाझ यांस कानडा प्रांतांत पाठविण्यांत आलें. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी या बाजूच्या ख्रिस्ती लोकांची दुर्दशा निराळ्या प्रकारची होती. तेथें छळ करणारें परकें राज्य नव्हतें. तेथें धर्माधिकाऱ्यांचीच आपसांत ओढाताण होती. पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार सांगणारे एका बाजूस आणि रोमहून थेट नेमलेले बिशप दुसऱ्या बाजूस, असा तंटा होता. कोणाचे संस्कार ग्राह्य आणि कोणाचे अग्राह्य, हें सामान्य माणसास उमगेना. मुंबई-वसईकडील आपल्या वाचकांस या तंट्याची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. पुढें आपल्याहि गांवांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला. वाझ यांनीं दोन्ही पक्षांत सलोख्याचा मार्ग धरला आणि आपला बहुतेक वेळ वादांत न घालवितां गांवोगांव फिरण्यांत घालविला. पडक्या मंदिरांची डागडुजी, मुलांसाठीं शाळा, आजाऱ्यांची विचारपूस, तुटलेल्या कुटुंबांची समजूत, हीच त्यांची तीन वर्षांची कमाई. खेड्यांतील सेवा कशी करावी, याचा पहिला धडा त्यांनीं येथें गिरविला.

गोव्यास परतल्यावर त्यांस एक लहानसा गट आढळला. कांहीं गोमंतकीय गुरु जुन्या गोव्यांतील चमत्काराच्या पवित्र क्रुसाच्या मंदिराशेजारीं एकत्र राहून प्रार्थनामय जीवन घालवूं पाहात होते. १६८५ सालीं वाझ त्यांस मिळाले, त्यांचे प्रमुख झाले, आणि संत फिलिप नेरींच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनीं त्या गटास नियम घालून दिले. एतद्देशीय गुरूंनीं स्वतः उभारलेला व स्वतः चालविलेला हा संघ पुढें लंकेच्या कामीं आला. त्या काळच्या जातिभेदापासून मात्र हा संघ मुक्त नव्हता. ब्राह्मण कुळांतील गुरूंनाच त्यांत प्रवेश असे. ज्या अन्यायामुळें परकीय संघांचीं दारें आपल्यास बंद होतीं, त्याचाच एक प्रकार आपणहि दुसऱ्यांशीं करतों, ही गोष्ट त्या भल्या माणसांच्या ध्यानांत आली नाहीं. थोरांचा इतिहास सांगतांना त्यांच्या काळाच्या सांवल्याहि सांगितल्या पाहिजेत. नाहीं तर तो इतिहास राहात नाहीं, स्तोत्र होतें.

गळ्यांत जपमाळ

लंकेतील मंडळ्यांची हकीकत वाझ यांच्या कानीं फार पूर्वींपासून होती. १६८६ सालीं त्यांनीं संघाचें प्रमुखपण सोडलें व जॉन नांवाच्या निष्ठावंत सेवकास बरोबर घेऊन दक्षिणेची वाट धरली. तुतिकोरीनहून गलबतानें ते १६८७ सालीं लंकेस पोंचले. अंगावर गुरूचा वेष नव्हता. मजुराची लंगोटी व भिकाऱ्याचें सोंग होतें. प्रवासांत जडलेल्या हगवणीनें त्यांस इतकें खंगविलें कीं जाफ्न्यांत ते मरणाच्या दारांतून परत आले. एका दयाळू स्त्रीनें दिलेल्या पेजेवर त्यांचा जीव तगला, असें चरित्रकार सांगतात.

आतां प्रश्न होता, या परक्या मुलखांत आपलीं माणसें ओळखावीं कशीं? विचारावें तर पकडले जाण्याचें भय; न विचारावें तर आलों कशासाठीं? वाझ यांनीं एक युक्ति योजिली. गळ्यांत जपमाळ दिसेल अशी घातली आणि ते दारोदार भिक्षा मागत हिंडूं लागले. कोणी तांदूळ घालीत, कोणी हांकलून देत. पण कोणाच्या नजरेंत ती माळ पाहून क्षणभर निराळा भाव उमटतो, याकडे त्यांचें लक्ष असे. अखेर एका घरीं तो भाव त्यांस दिसला. ओळख पटली, कुजबूज झाली, आणि एका घरावरून दुसऱ्या घरीं वार्ता गेली कीं गुरु आला आहे.

ही गोष्ट आपण भक्तीनें ऐकतों व सोडून देतों. पण त्यांत सेवेचें एक मोठें तत्त्व आहे. मंडळी मंदिरांत येईल व मग आपण तिची सेवा करूं, अशी वाट पाहात बसण्याची वाझ यांस सोयच नव्हती. मंदिर नव्हतेंच. म्हणून सेवा दाराशीं गेली. आणि तीहि देणाऱ्याच्या थाटानें नव्हे, मागणाऱ्याच्या वेषानें. ज्यानें आपल्या ओट्यावर उभें राहून मूठभर तांदूळ घेतला, त्याच्यापुढें आपलें दुःख सांगण्यास खेडवळ माणसास संकोच वाटत नाहीं.

जाफ्न्याजवळचें सिल्लालै हें गांव त्यांच्या कार्याचें ठाणें झालें. तेथून ते रात्रीं निघत. अंधारांत पापनिवेदन ऐकावें, पहाटेपूर्वीं मिस्सा करावी, मुलांचे बाप्तिस्मे करावे, विवाहांवर आशीर्वाद द्यावा, आणि उजाडण्यापूर्वीं पुढल्या वस्तीची वाट धरावी, असा क्रम चालला. डचांना सुगावा लागल्यावांचून राहिला नाहीं. १६८९ च्या नाताळांत त्यांनीं छापा घातला व पुष्कळ श्रद्धावंतांस धरून नेलें. वाझ निसटले, परंतु लोकांनीं फटके खाल्ले, दंड भरले, वेठ सोसली. गुरूचा पत्ता मात्र त्यांच्याकडून मिळाला नाहीं. दोनच वर्षांपूर्वीं ज्यांचा श्वास मंद झाला होता, त्या मंडळीची ही हिंमत होती.

बौद्ध राजाचा आश्रय

१६९० च्या सुमारास वाझ पुत्तळम येथें, म्हणजे डचांच्या हद्दीबाहेर कँडीच्या राज्यांत गेले. १६९२ मध्यें ते राजधानीकडे निघाले असतां पोर्तुगीजांचा हेर म्हणून कोणीं तरी त्यांच्याविरुद्ध कागाळी केली आणि ते बंदींत पडले. प्रथम बेड्या, पुढें नजरकैद. पण तुरुंगाचा काळ त्यांनीं फुकट जाऊं दिला नाहीं. तेथेंच ते सिंहली भाषा शिकले. कोठडीशेजारीं गवताचें छप्पर घालून उपासना सुरू झाली, आणि शहरांतले लपलेले ख्रिस्ती एकेक करून तेथें येऊं लागले. गुरूवर संशय घेणाऱ्यांनींच त्याला राजधानीच्या मध्यभागीं जागा करून दिली होती.

कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध धर्माचा निष्ठावंत अभिमानी. वाझ यांचें वर्तन पाहून त्याचा संशय फिटला आणि आपल्या राज्यांत कोठेंहि फिरण्याची व धर्मकृत्यें करण्याची मोकळीक त्यानें त्यांस दिली. अवर्षणांत वाझ यांच्या प्रार्थनेनें पाऊस पडला, ही लोकप्रसिद्ध कथा याच काळची. तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट १६९७ च्या देवीच्या सांथीची आहे. राजधानी ओस पडली. आप्तांनीं आप्तांस टाकलें. तेव्हां वाझ व गोव्याहून नुकतेच आलेले जोसेफ कार्व्हाल्यो हे दोघे घरोघर फिरून रोग्यांस पेज पाजीत, त्यांचे व्रण धूत, आणि ज्यांस मूठमाती देण्यास कोणी नव्हतें त्यांस पुरीत. त्यांत ख्रिस्ती कोण व बौद्ध कोण, हें त्यांनीं विचारलें नाहीं. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेनें ज्यांचा छळ केला त्यांस बौद्ध राजानें आश्रय दिला, आणि त्या आश्रयाची फेड या दोघा गुरूंनीं बौद्ध प्रजेची सेवा करून केली. शेजारधर्माचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अण्णावी आणि मुप्पू

आतां या कथेच्या गाभ्याकडे वळूं. गोव्याहून ओरेटरीचे सोबती येऊं लागले, तरी गुरूंची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. कोचीनच्या बिशपांनीं वाझ यांस लंकेसाठीं आपले व्हिकर जनरल नेमलें होतें. अवघें बेट, शेंकडों वस्त्या, जंगलाच्या वाटा, वर हत्तींचें व हिंवतापाचें भय. एखाद्या खेड्यांत गुरु वर्षांतून एकदां पोंचला तरी पुष्कळ. मग उरलेल्या दिवसांत त्या खेड्यानें काय करावें?

वाझ यांनीं प्रत्येक मंडळींत गांवच्याच माणसांवर सेवेचा भार टाकला. एक ‘अण्णावी’, म्हणजे शिकविणारा. एक ‘मुप्पू’, म्हणजे वडीलधारा. अण्णावीनें रविवारीं लोकांस जमवावें, प्रार्थना सांगावी, धर्मपुस्तक वाचून दाखवावें, मुलांस धर्मशिक्षण द्यावें, आणि मूल मरणाच्या दारीं असल्यास त्यास बाप्तिस्मा द्यावा. मुप्पूनें मंडळीची व्यवस्था पाहावी, भांडणें मिटवावीं, गोरगरिबांकडे लक्ष द्यावें, आणि गुरु येणार असें कळतांच सर्वांस तयार ठेवावें. हे लोक मोठे पंडित नव्हते. शेतकरी होते, कोळी होते, लहानसहान व्यापारी होते. पण ते गांवचे होते, गांवांत राहणारे होते, आणि डचांनीं गुरूस हद्दपार केलें तरी गांवास हद्दपार करणें त्यांच्या हातीं नव्हतें.

येथें जुन्या रचनेंत व नव्या रचनेंत केवढें अंतर पडलें, तें पाहावें. पूर्वी गुरु गेला आणि सर्व बंद पडलें. आतां गुरु आला म्हणजे जें आधींच चालू होतें त्यास तो संस्कारांनीं पूर्णता देई. अण्णावी गुरूची जागा घेत नव्हता. मिस्सा आणि पापनिवेदन हीं गुरूचींच. पण गुरूच्या दोन भेटींमधील अकरा महिने तो मंडळीस विझूं देत नव्हता.

लोकांची भाषा

दुसरी गोष्ट भाषेची. वाझ लंकेस जाण्यापूर्वीं दोन वर्षें, २७ जून १६८४ रोजीं, गोव्याच्या व्हाइसरॉयनें एक फर्मान काढलें होतें कीं येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भूमींत फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें, त्याच भूमींत सत्तर वर्षें पुरीं होण्याच्या आंत ही आज्ञा झाली! ती मुदत १६८७ मध्यें भरली. आणि त्याच वर्षीं गोमंतकाचा हा पुत्र लंकेच्या किनाऱ्यावर तामिळ लोकांत त्यांच्याच भाषेंत बोलूं लागला. एकीकडे राज्यकर्ते लोकांस देवाशीं परक्या भाषेंत बोलावयास लावूं पाहात होते. दुसरीकडे एक गुरु स्वतः लोकांची भाषा शिकण्यासाठीं तुरुंगाची शाळा करीत होता.

वाझ यांनीं तामिळ व सिंहली भाषांत प्रार्थना व धर्मशिक्षणाचे पाठ रचविले. पण या कामीं खरा कळस चढविला तो दिवाडी बेटावरील फादर जाकोमे गोन्साल्व्हिस यांनीं. ते १७०५ सालीं लंकेंत आले आणि १७४२ सालीं तेथेंच कालवश झाले. त्यांनीं सिंहली व तामिळ या दोन्ही भाषांवर असें प्रभुत्व मिळविलें कीं सिंहली कॅथोलिक वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांस आजहि मान दिला जातो. जवळ छापखाना नव्हता; ग्रंथ ताडपत्रांवर नकलून गांवोगांव पाठविले जात. प्रभूच्या दुःखसहनावरील त्यांची रचना उपवासकाळांत लंकेच्या गांवांतून अजून गाइली जाते. अण्णावीच्या हातीं लोकभाषेचें पुस्तक नसतें, तर रविवारीं जमलेल्या लोकांपुढें तो काय वाचणार होता? सेवक गांवचा हवा, तसे शब्दहि गांवचे हवेत. या दोन गोष्टी एकमेकींवांचून पांगळ्या आहेत.

१६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें वाझ यांनीं देह ठेवला. बिशपपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारलें होतें. त्यांच्या मृत्युसमयीं लंकेंत सुमारें ७०,००० कॅथोलिक, १५ मोठीं मंदिरें व ४०० लहान प्रार्थनागृहें होतीं, असें चरित्रकार नमूद करतात. या आंकड्यांतील शेवटचा आंकडा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. गुरु मूठभर आणि प्रार्थनागृहें चारशें! म्हणजे बहुतेक रविवारीं त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं प्रार्थना चालविणारा कोणी तरी गांवकरीच होता.

कसोटी

एखादी रचना उभारणाऱ्याच्या हयातींत चालली, एवढ्यानें ती टिकाऊ ठरत नाहीं. या रचनेची कसोटी पुढें लागली. गोव्याच्या ओरेटरीचे गुरु शंभरांहून अधिक वर्षें लंकेस जात राहिले. पण १७४० नंतर कँडीच्या दरबाराचें मन फिरलें आणि गुरूंस राज्याबाहेर जावें लागलें. डोंगराळ मुलखांतील वाहाकोट्टे या खेड्यांत गुरूवांचून वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी तेथील कुटुंबांनीं आपली श्रद्धा सोडली नाहीं. आज तेथें संत अंतोनीचें प्रसिद्ध तीर्थस्थान आहे. १७९६ सालीं इंग्रजांनीं डचांचा किनारा घेतला व १८०६ सालीं कॅथोलिकांवरील निर्बंध उठविले. तेव्हां उघड्यावर येण्यास मंडळी जिवंत होती. २०१२ च्या जनगणनेंत श्रीलंकेंत साडेबारा लक्षांहून अधिक कॅथोलिकांची नोंद झाली. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं कोलंबो येथें वाझ यांस धन्य घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्याच नगरांत त्यांस संतपद दिलें.

आपल्या घरचा दाखला

हें सर्व समुद्रापलीकडचें झालें, असें कोणी म्हणेल. म्हणून आपल्या महाराष्ट्रांतलाच एक दाखला देतों. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा अंमल संपला. युरोपीय संन्यासी निघून गेले. वसईच्या किल्ल्यांत डॉमिनिकन, जेझुइट, फ्रान्सिस्कन यांचीं एकाहून एक भव्य मंदिरें होतीं. आज तीं कोणत्या स्थितींत आहेत, हें पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं: भिंती उभ्या आहेत, छप्पर आकाशाचें आहे. परंतु त्या किल्ल्याबाहेर, पापडी, सांडोर, माणिकपूर, निर्मळ, आगाशी या गांवांत, केळीच्या व पानवेलींच्या बागांमधून ख्रिस्तमंडळी राहिली, वाढली, आणि २२ मे १९९८ रोजीं वसई हें स्वतंत्र धर्मप्रांत झालें. मधल्या काळांत तिला सांभाळलें तें एतद्देशीय धर्मगुरूंनीं आणि घरांतल्या व वाड्यांतल्या श्रद्धाळू लोकांनीं. १७६० च्या सुमारास अँक्वेटिल द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी मराठ्यांच्या अमलांतील ठाण्यास आला, तेव्हां तेथील सण मोठ्या गांभीर्यानें चाललेला त्यानें पाहिला. मंदिर लोकांनीं भरलें होतें, आणि गुरु व लोक सर्वच या देशचे होते. परके गेल्यावर एक पिढी होत आली होती; उपासना बंद पडली नव्हती.

लंकेंत डचांनीं मंदिरें घेतलीं आणि मंडळी राहिली. वसईच्या कोटांत मंदिरें आपल्या जागींच राहिलीं, पण मंडळी नव्हती म्हणून तीं कोसळलीं. या दोन दाखल्यांपुढें अधिक भाष्य करण्याची जरूर आम्हांस दिसत नाहीं.

महोत्सवाचा हिशेब

आजच्या लहान गांवांच्या धर्मग्रामांपुढें डच नाहींत, तुरुंग नाहींत. पण तरुण मंडळी नोकरीसाठीं शहरांकडे चालली आहे, गुरुदीक्षेस येणारे थोडे, एका गुरूकडे कामें फार. आणि पुष्कळ ठिकाणीं लोकांनीं सेवा ही गुरूची व गुरूचीच असें समजून आपल्याकडे केवळ बांक भरण्याचें काम ठेवलें आहे. ही जुन्या पोर्तुगीज लंकेचीच रचना होय: गुरु आहे तोंवर सर्व कांहीं आहे. तिचा शेवट काय झाला, तें वर सांगितलें.

१९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या मनुष्यास मंडळीच्या कार्याचा वाटेकरी म्हटलें. १० मे २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं एका पत्रानें धर्मशिक्षकाच्या कामास मंडळीच्या मान्य सेवापदांत स्थान दिलें. लंकेच्या रानांतला अण्णावी तीन शतकांपूर्वीं जें करीत होता, तेंच हें पद. म्हणजे वाझ यांची वाट ही जुनी झालेली पायवाट नाहीं. सर्व मंडळीनें पुन्हां धरलेला रस्ता आहे.

तेव्हां वाचकहो, महोत्सवाचा जमाखर्च मांडतांना चुना, कौलें व घंटा यांच्या शेजारीं आणखी कांहीं रकाने आंखूं या. आपल्या गांवांत गुरु नसतां रविवारची प्रार्थना चालवील अशीं माणसें किती? मुलांस धर्मशिक्षण देण्यास पुढें येणारे तरुण किती? ज्या घरीं कोणी जात नाहीं, अशा आजाऱ्याच्या घरीं आपल्यापैकीं कोण जातें? आपली प्रार्थना आपल्या मुलांस त्यांच्या भाषेंत समजते काय? आणि ज्यांस आपण आजवर मागें बसविलें, त्यांच्यांतून आपण एखादा अण्णावी निवडूं काय?

या रकान्यांत आज शून्य असेल तर खचून जाण्याचें कारण नाहीं. सिल्लालैमध्यें आरंभ झाला तेव्हां एक आजारी गुरु होता, एक सेवक होता, आणि जपमाळ ओळखणारें एक घर होतें. तेवढ्यावर मंडळी पुन्हां उभी राहिली. आपल्यापाशीं त्याहून पुष्कळ अधिक आहे. तें कामास लावण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि पुढच्या महोत्सवास जे जमतील त्यांस मंदिर व मंडळी दोन्ही भरलेलीं दिसोत, हीच संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें आमची प्रार्थना आहे.